फेसाची घरटी

"टुबलू, ऊठ! अरे ऊठ ना कुंभकर्णा! आठही हौदांत घरटी झालीत! आठही!"

टुबलूने मच्छरदाणीतून डोकं बाहेर काढलं. उजाडलं आहे की नाही तेच कळत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी दशमीला दुर्गेचं विसर्जन झालं, तेव्हापासून आभाळ जे खाली उतरून बसलं होतं, ते वर जायचं नावच घेत नव्हतं. पूजेचे ढाक-ढोल थांबले, मांडव रिकामा झाला, पाहुणे पांगले आणि शालुकडांगा गाव आजारी माणसासारखं गप्प पडलं. अशा सकाळी आनंदाने ओरडणारी सबंध गावात एकटी झिनुकच होती.

"कसली घरटी? कावळ्यांची?"

"खलशांची रे! चल लवकर!"

खलशे म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, मधाच्या रंगाचे मासे. शहरातले लोक त्यांना हनी गुरामी म्हणतात आणि काचेच्या पेटीत ठेवून कौतुकाने बघत बसतात. शालुकडांग्यात घरोघरी अंगणात सिमेंटचे हौद आणि हौदांत रंगीत मासे. पण खलशे फक्त झिनुकच्या दादूंकडे, म्हणजे आजोबांकडे. ही फार भिडस्त जात. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. दुसरा मासा धसमुसळेपणा करू लागला की हे आपले पाल्याखाली जाऊन उपाशी बसतात. त्यांना संथ पाणी लागतं, वर तरंगता पाला लागतो आणि खायला बारीक जिवंत पाणपिसवा लागतात. अंड्यांची वेळ आली की नराचा गळा निळाकाळा होतो. मग तो तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो आणि डोळ्यांत तेल घालून त्यावर पहारा देतो.

दादूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी झिनुकचे आईबाबा कालच कलकत्त्याला, टुबलूच्या घरी घेऊन गेले होते. टुबलू तिचा आतेभाऊ. पूजेला म्हणून आला तो सुट्टी संपेपर्यंत इथेच मुक्काम ठोकणार होता. जाताना दादूंनी मासे बारा वर्षांच्या झिनुकच्या ताब्यात दिले आणि दोनच गोष्टी बजावल्या. आठवड्याचं पाणी त्याच दिवशी बदलायचं, तेही तळ्याचंच घ्यायचं, हापशाच्या पाण्यात लोह असतं. आणि घरटं दिसलं की पाण्याला हात लावायचा नाही, काहीही होवो!

झिनुकने काल दुपारी मोटर लावून, पाइप धरून आठही हौदांत तळ्याचं पाणी सोडलं होतं. कोपऱ्यातल्या मातीच्या नांदेपर्यंत पाइप पोचला नाही, म्हणून ती तशीच राहिली. आणि आज सकाळी हे!

टुबलू हौदावर वाकला. काठाकाठाने, पाल्याच्या मधूनमधून पांढरा फेस जमला होता.

"हे घरटं? आमच्याकडे धुण्याच्या बादलीत असतो ना, अगदी तसा फेस आहे हा!"

"कलकत्तेकरांना जिथेतिथे धुण्याची बादलीच दिसायची! बघ, मासेसुद्धा वर आलेत. पहारा देतायत."

"सगळेच? माद्यापण?"

झिनुक क्षणभर थबकली. खरं म्हणजे पहारा एकटा नर देतो. पण आठ हौद, आठ घरटी, दादू परत येतील तेव्हा पिल्लंच पिल्लं! एवढ्या आनंदात शंकेला जागा कुठून असणार?

"तुला काय कळतंय त्यातलं!" ती म्हणाली.

दिवसभर तिने कोणाला हौदापाशी फिरकू दिलं नाही. मासे खात नव्हते. तोंडं वर करून पाण्यालगत संथ हलत होते. दोनदा तिला वाटलं, थोडं पाणी काढून हापशाचं घालावं का? दोन्ही वेळा दादूंचा शब्द आठवून तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे मेले होते.

एखाददुसरा नाही, सगळे. आठही हौदांत पांढुरकी पोटं वर करून, फेसाला चिकटून पडलेले. मधाचा रंग कुठल्या कुठे गेला होता. फक्त कोपऱ्यातल्या नांदेत नऊ खलशे पाल्याखाली नेहमीसारखे इकडून तिकडे जात होते. झिनुक ओरडली नाही, रडलीही नाही. काल आपण पाणी बदललं असतं तर काही तरी वाचले असते, हे तिला उभ्या उभ्या कळलं. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली.

बादलजेठू, म्हणजे झिनुकचे थोरले काका, दात घासत आले. त्यांनी हौद पाहिले, मग तळ्याकडे पाहिलं. तळ्याच्या काठालाही पाचसहा बारीक मासे मरून लागले होते.

"निताई!" जेठू कडाडले. "नवमीला वांग्यांवर औषध मारत होता तो! सगळं तळ्यात उतरलं! पाच घरांचं तळं नासवलं मेल्यानं!"

नेमकी त्याच वेळी पारुल फाटकातून आत येत होती. रोज सकाळी भाताच्या चरातून पाणपिसवा गाळून खलशांसाठी आणायचा तिचा नेम होता. ती झिनुकच्या वर्गातली, जिवाभावाची मैत्रीण, आणि निताईकाकांची एकुलती एक मुलगी. हातातली लोटी तशीच धरून ती उभी राहिली, आणि मागे फिरली.

दुपारपर्यंत गावभर झालं. तळं पाच घरांच्या मालकीचं आणि तळ्याकाठचा वांग्यांचा तुकडाही त्यांचाच. निताईकाका तो कसत होते. उद्या संध्याकाळी मांडवात बैठक बसणार आणि तुकडा काढून घेणार, असं जेठू छातीठोकपणे सांगत फिरले. त्या तुकड्यावरच पारुलचं घर चालत होतं.

बैठकीच्या आधीच निकाल लागल्यासारखं लोक वागू लागले. विजयादशमीनंतर सगळे एकमेकांच्या घरी जाऊन गळाभेट घेतात, थोरांच्या पाया पडतात आणि नारळाचे लाडू खातात. त्या दिवशी निताईकाकांच्या दारावरून माणसं गेली, पण आत कोणी वळलं नाही.

"मी तिच्याकडे जाते," झिनुक म्हणाली.

"आपल्याला दारात उभं करतील का?" टुबलूने विचारलं.

"नाही केलं तर परत येऊ!"

दारात उभं केलं, इतकंच काय, पारुलच्या आईने लाडवांचा अख्खा डबाच पुढे ठेवला. डबा शिगोशीग भरलेला होता. टुबलूने दोन तोंडात, दोन खिशात टाकले. निताईकाका ओटीवर गुडघ्यांत मान घालून बसले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी तळ्याच्या बांधाकडच्या चार ओळींना कधीच फवारत नाही गं पोरी. पण ऐकतंय कोण?"

"मी ऐकतेय काका," झिनुक म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं. "माझी चूक आहे! मला फेस दिसला होता! मला वाटलं घरटी आहेत!"

पारुलने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "हौद रिकामे केलेस का?"

"नाही अजून."

"चल, करू या. ते तसेच ठेवायचे नाहीत."

तिघांनी मिळून मेलेले खलशे गाळणीने काढले. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा केला. टुबलूची बडबडसुद्धा बंद झाली होती. पाचव्या हौदाशी पारुल एकदम थांबली.

"झिनुक, हे बघ!"

गाळणीत मेलेल्या माशांच्या मधोमध एक झिंगा टुणकन उडाला. काचेसारखा आरपार, नखाएवढा. मग आणखी एक. मग चार!

"झिंगे जिवंत आहेत," झिनुक म्हणाली. "ते तळ्याच्या पाण्यातून येतात नेहमी. त्याचं काय?"

"त्याचं काय म्हणजे? अगं, बाबा फवारणीचा पंप चराजवळ धुवू देत नाहीत मला. एकदा मी धुतला होता. संध्याकाळपर्यंत चरातला एकूण एक झिंगा मेला, मासे मात्र दोन दिवस होते! पाणपिसवाही बघ, कशा नाचतायत!"

टुबलूने डोळे बारीक केले. "म्हणजे औषध असतं तर आधी हे मेले असते!"

"तुझं डोकं चालतं कधीकधी."

"सारखं चालतं! लोकांचं लक्ष नसतं!"

मग तीन मडकी आली. एकात हापशाचं पाणी, दुसऱ्यात तळ्याचं, आणि तिसऱ्यात निताईकाकांच्या पंपाचं विसळवण, तेही हातांना पिशव्या बांधून. प्रत्येकात चरातले पाच-पाच झिंगे सोडले. झिनुकला ते बघवत नव्हतं, पण ती हलली नाही. तास उलटला नसेल, तिसऱ्या मडक्यातले पाचही झिंगे तळाशी आडवे झाले. बाकीच्या दोन मडक्यांत ते मजेत पोहत होते.

"म्हणजे तळ्यात असं काही तरी आहे," झिनुक हळूहळू म्हणाली, "जे माशांना मारतं आणि झिंग्यांना हातही लावत नाही."

"असं काय असतं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि तिघंही स्वयंपाकघराकडे पळाली. झिनुकने दाराशी नव्या पायपुसण्यावर ओले पाय खसाखसा घासले आणि खाली बघून ती थिजली. तिच्या बोटांमधून पांढरा फेस वर येत होता! त्याला गोडसर, जड वास होता.

"जेठीमा! हे पायपुसणं कुठलं?"

जेठीमा, म्हणजे जेठूंची बायको, चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "पायपुसणं कसलं? मोहाच्या पेंडीचं पोतं आहे ते. तुझ्या जेठूंनी आणली होती चार पोती. रिकामी झाली, म्हटलं फेकायची कशाला, धडधाकट आहेत!"

"कधी रिकामी झाली?"

"दशमीला. तुम्ही सगळी विसर्जनाला नदीवर गेलात ना, तेव्हा. त्यांचा गुडघा धरला होता, ते घरीच राहिले. आणि बसल्या जागी मरळ किती धरले बघा! हा टुबलू तीन दिवस मिटक्या मारत खातोय तेच की!"

टुबलूचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पारुलला आता सगळं उमगलं. नवं मत्स्यबीज सोडायच्या आधी तळ्यातले जुने खादाड मासे मारायला मोहाची पेंड टाकतात. मासे गुदमरून वर येतात, ते धरून खाताही येतात. पण तळं सामायिक असलं तर पाचही घरांना आधी सांगायचं, मासे पाच वाट्यांत वाटायचे आणि तीन आठवडे ते पाणी कोणी घ्यायचं नाही, असा इथला रिवाज. जेठूंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळं गाव नदीवर गेलेलं पाहून त्यांनी गुपचूप काम उरकलं, मरळ घरी आणले, आणि दुसऱ्याच दिवशी झिनुकने तेच पाणी हौदांत सोडलं.

तिघं गोठ्यामागे जाऊन बसली.

"तुझे जेठू," टुबलू म्हणाला. "माझे मामा."

झिनुक पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. जेठूंनी तिला पोहायला शिकवलं होतं. तापात खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. भर बैठकीत त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायचं? दादू नाहीत, बाबा नाहीत. घरातलं कोण काय म्हणेल?

"तू नाही बोललीस तरी मी कट्टी करणार नाही," पारुल म्हणाली. "फक्त आम्ही मग मामाच्या गावी जाऊ राहायला. आई सकाळपासून म्हणतेय."

ते ऐकून झिनुक उठली. "बोलायचं. पण त्यांना चोर म्हणायचं नाही."

"मग कसं करायचं?" टुबलू म्हणाला. आणि मग स्वतःच हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू. "मामांना एक खोड आहे. माशांबद्दल कोणी काही विचारलं की त्यांना गप्प बसवत नाही!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. देवी गेल्यावर रिकाम्या चौथऱ्यावर रिवाजाप्रमाणे एकच दिवा जळत होता. समोर पाच घरांची मोठी माणसं, मध्ये म्हातारे सनातन मास्तर. गावातले निम्मे लोक त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठे झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तरमशाय म्हणत. निताईकाका एका बाजूला उभे होते. त्यांना कोणी बस म्हणालं नव्हतं.

"बोलायचं काय राहिलंय?" जेठू म्हणाले. "पंधरा वर्षं मासे पाळतोय मी! औषधाने मेलेला मासा मला कळत नाही?"

"बादलमामा!" टुबलू वही-पेन्सिल घेऊन पुढे आला. "माझा सुट्टीतला प्रकल्प आहे, खेड्यातलं मत्स्यपालन. एकदोन प्रश्न विचारू?"

"आत्ता? अरे गाढवा, ही काय वेळ आहे?"

"सगळे म्हणतात, माशांतलं तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही."

लोक हसले. मास्तरमशाय म्हणाले, "सांग की बादल. आमच्याही ज्ञानात भर पडेल."

जेठूंची छाती दोन बोटं फुगली. "विचार."

"तळ्यात औषध गेलं, हे ओळखायचं कसं?"

"अगदी सोपं! आधी झिंगे मरतात. पाणपिसवा मरतात. मासे शेवटी."

टुबलूने भराभर लिहून घेतलं. "आणि मासे मेले, पण झिंगे ठणठणीत राहिले, तर?"

"मग ते औषध नव्हेच! ती मोहाची पेंड. ती माशांच्या कल्ल्यांना धरते, झिंग्यांचं काही बिघडत नाही. पाणी ढवळलं की साबणासारखा फेस..."

जेठू थांबले. त्यांची नजर झिनुककडे गेली. ती एक बादली घेऊन उभी होती. तिने ती दिव्याजवळ नेऊन ठेवली.

"हे आमच्या हौदातलं पाणी आहे," ती म्हणाली. "मासे यातच मेले. बघा मास्तरमशाय, झिंगे जिवंत आहेत."

मास्तरमशाय चष्मा सारखा करून वाकले. झिंगे उड्या मारत होते. झिनुकने काठीने पाणी ढवळलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरा फेस वर आला. पारुलने ते पोतं बादलीशेजारी अंथरलं.

पोतं कोणाकडचं, ते जेठीमाच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"पेंड टाकली तेव्हा मला वाटलं," जेठू अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हौदांत हापशाचं पाणी घालता तुम्ही."

"दादू कायम तळ्याचंच घालतात, जेठू. पाइप तुमच्या गोठ्यावरूनच जातो."

हे तिने रागाने म्हटलं नाही. पण जेठूंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. रंगीत मासे म्हणजे पोरखेळ, असं म्हणत त्यांनी आयुष्यात कधी त्या हौदांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मग एकच गलका झाला. चार घरांचे लोक जेठूंवर तुटून पडले. मास्तरमशायांनी काठी आपटली. "पुरे! काल निताईवर असेच तुटून पडला होतात ना? मीही त्यात होतोच. आपण पांढऱ्या केसांची माणसं, आणि पाण्यात वाकून बघायचं सुचलं ते या तीन पोरांना! शाबास रे पोरांनो! झिनुक, आपल्या माणसापुढे खरं बोलायला जे लागतं, ते या मांडवात आज तुझ्याचपाशी होतं." मग ते जेठूंकडे वळले. "बादल, गळाभेट कालीपूजेपर्यंत चालते. ऊठ."

जेठू उठले. दुखरा गुडघा धरत पलीकडे गेले आणि त्यांनी निताईकाकांना मिठी मारली. निताईकाकांचे हात खालीच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक हात उचलून जेठूंच्या पाठीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

वांग्यांचा तुकडा निताईकाकांकडेच राहिला. त्या संध्याकाळी बरीच माणसं त्यांच्या घरी गेली. लाडू एव्हाना जरासे खवट झाले होते. सगळ्यांनी ते खाली मान घालून खाल्ले.

दादू चार दिवसांनी परतले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. गावच्या वेशीवरच कोणी तरी सगळी हकिगत सांगितली असावी, कारण ते घरात न जाता सरळ हौदांपाशी आले. आठ हौद घासून, धुऊन कोरडे केलेले होते. जेठूंनी दोन दिवस एकट्याने घासले होते.

झिनुक नांदेजवळ उभी होती. बैठकीत बोलताना वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.

"दादू, मला फेस आदल्या दिवशीच दिसला होता. मला वाटलं, घरटी आहेत. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात, म्हणून मी नाही लावला. दोनदा वाटलं होतं, लावावा."

दादू नांदेवर वाकले. त्यांनी पट्टी नसलेला डोळा अगदी पाण्याजवळ नेला.

"किती राहिले?"

"नऊ."

"सगळे खातायत?"

"हो. पारुल पाणपिसवा आणते रोज."

दादूंनी बोटाने पाला बाजूला सारला. "मीही फसलो असतो," ते म्हणाले. "पण हात लावावा असं मला दोनदा वाटलं नसतं. मला एकदाही वाटलं नसतं."

त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"यापुढे पाणी कधी बदलायचं ते तू ठरव. मी तुला विचारत जाईन."